अकरा नंबरची प्लेट

उभ्या चिरलेल्या उसाच्या कांडीतून आंबूस वास आला आणि माझ्या हातातला कोयता तसाच थांबला. आत पांढरट, रसाळ गर दिसायला हवा होता. तिथे रक्तासारखी लाली पसरली होती आणि त्या लालीत आडवे फिकट पट्टे उमटले होते. पेठ वडगावजवळच्या आमच्या रानात, गणपतीच्या दिवसांतल्या त्या सोनेरी उन्हात मी एकाएकी गारठले. कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत जी बुरशी मी रोज काचेआड जोपासते, तीच माझ्या वडिलांच्या उसात शिरली होती!

"लाल कूजच न्हवं ही?" आबांनी विचारलं. "तू तर ह्येच्यावरच शिकतीस की."

"व्हय, आबा," एवढंच मी म्हणाले.

एक गोष्ट मी जूनपासून लपवली होती. जूनमधल्या एका दुपारी प्रयोगशाळेत माझ्या हातून बुरशी वाढवायची एक काचेची प्लेट निसटली आणि झाकण उडून फरशीवर पालथी पडली. अकरा नंबरची. मी फरशी निर्जंतुक केली, प्लेट नियमाप्रमाणे वाफेत शिजवून नष्ट केली. पण पायांतल्या चपला तशाच राहिल्या आणि त्याच चपला घालून मी त्या रविवारी रानात गेले. नोंदवहीत एक अक्षरही लिहिलं नाही. माझ्या मार्गदर्शक मॅडम रागावतील, या क्षुद्र भीतीपोटी मी केवढ्या मोठ्या भयाला आश्रय दिला होता!

त्या प्लेटमध्ये होतं तरी काय? मातीत राहणारा एक जिवाणू आहे. आपल्या जनुकांचा एक धागा तो दुसऱ्या सजीवाच्या पेशीत सोडू शकतो. मूळचा तो वनस्पतींना फसवणारा, पण बुरशीलाही सोडत नाही. त्या धाग्यावर आम्ही हवं ते जनुक बसवतो. माझ्या धाग्यावर एका बुरशीनाशक औषधाला पुरून उरणारं जनुक होतं. मात्र धागा एकटा प्रवास करत नाही. जिवाणूची प्रथिनं त्याची पाठराखण करतात: एक त्याचं टोक धरून पेशीच्या केंद्रकापर्यंत नेतं, दुसरं त्याच्या सर्वांगावर पांघरुणासारखं लपेटून त्याला वाटेत तुटू देत नाही. हे पांघरूण काढून घेतलं तर बुरशीच्या जनुकसंचात काय पोचतं, हा माझा अभ्यास. पोचतं ते पुष्कळदा टोक झडलेलं, अर्धवट. आणि कुठे रुजेल याचा नेम नाही. रुजताना ते बुरशीचं स्वतःचं एखादं जनुक मोडूनही टाकतं. अशाने बहुतेक बुरशा दुबळ्या होतात. अकरा नंबरची मात्र बाकी सगळ्यांपेक्षा झपाट्यानं वाढत होती, आणि का, ते मला ठाऊक नव्हतं. अज्ञातापाशी कुतूहल जागं होतं म्हणतात. माझं त्या दिवशी भयच जागं झालं.

सोमवारी सकाळी पिशवीत घट्ट बांधलेली कांडी घेऊन मी मॅडमसमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं.

"नोंद कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"केली नाही, मॅडम."

त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. "आधी कांडी तपासू. मग तुझ्याशी बोलते."

कांडीतली बुरशी वेगळी करून आम्ही दोन प्लेटांवर लावली. एक साधी, एक औषध घातलेली. रानातली बुरशी औषधात मरायला हवी, माझी असेल तर जगेल. ते चार दिवस कसे काढले! मंगळवार पेठेतल्या माझ्या खोलीत मी त्या चपला तीनदा धुतल्या. गुऱ्हाळाची पाटी दिसली की मान वळवायची. आमच्या बांधाला लागून शेजाऱ्यांचा ऊस, त्याच्या पुढे आणखी कुणाचा. पाटाचं पाणी एका रानातून दुसऱ्यात जातं. ते पाणी माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

पाचव्या दिवशी साध्या प्लेटवर राखाडी कापूस उगवला होता. औषधाची प्लेट रिकामी! मी हुश्श करून प्लेटा आवरायला घेतल्या. मॅडम मात्र थांबल्या नाहीत. "औषधाचं जनुक गळून पडलं असेल तर?" त्यांनी माझीच शंका उच्चारली. मग आम्ही त्या बुरशीच्या जनुकांत माझ्या धाग्याचा लहानसा तरी तुकडा सापडतो का, ते दोनदा शोधलं. काहीच नव्हतं. रोग बहुधा बाहेरून आणलेल्या बेण्यातूनच आला होता.

मॅडमनी नोंदवही पुढे सरकवली. "लिही. प्लेट पडली ती तारीख, आणि आजचीही."

रविवारी रानात गेले तेव्हा आबा उसाची रोगट बेटं मुळासकट उपटून जाळत होते. मी त्यांना सगळं सांगितलं.

"म्हंजे ती तुझी न्हवंच?"

"न्हाय, आबा. दोनदा बघितलं."

"मग रडतीस कशाला?"

"असती तर?"

त्यांनी उपटलेलं बेट आगीवर टाकलं. "असती तर पयलं शेजारच्या रानात जाऊन सांगाय पायजे हुतं. गप बसून रोग थांबत न्हाय." मग त्यांची नजर बांधाकडे गेली आणि आवाज उतरला. "म्या बी अजून न्हाय सांगिटलं. काय म्हणतील, वाटलं."

माझ्या धाडसी, मोठ्या आवाजाच्या वडिलांनाही तीच भीती वाटावी! मग त्यांनी हात झटकले आणि म्हणाले, "चल."

आम्ही बांध ओलांडला. शेजारचे काका खुरपं टाकून उठले, हसले, "या की, च्या टाकाय सांगू?" म्हणाले.

"च्या ऱ्हाऊ दे, काका," मी म्हणाले. "आधी तुमचा ऊस फोडून बघू."