तोंड लावून पी

आमच्या दारात कुणीही आलं, पोस्टमन असो की भाजीवाली, सोनाआत्या पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात द्यायची आणि समोर उभी राहायची. बरेचजण सवयीने तांब्या उंच धरून वरून घोट घ्यायला बघायचे. तसं आत्या लगेच म्हणायची, "आसं न्हाई. तोंड लावून पी." कुणी संकोचलं तर तिला राग यायचा. "उष्टा झाला तर हू दे, घासायला हात हायत मला." आमच्या एका गुरुजींनी एकदा ऐकलं नाही, तर तिने त्यांच्या हातातून तांब्याच काढून घेतला. वडिलांची चांगलीच पंचाईत झाली. आम्ही भावंडं मात्र तिची नक्कल करून खिदळायचो.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, ऐन तारुण्यात विधवा झालेली. बहात्तरच्या दुष्काळात दोघं कंधारकडचं गाव सोडून लातूरला आली, खडी फोडली आणि इथेच राहिली. पुढे लातूर जिल्हा झाला, जिकडेतिकडे नव्या कचेऱ्या उभ्या राहू लागल्या. आत्याने तिथे विटा वाहिल्या. एखाद्या कचेरीवरून जाताना थांबून सांगायची, "ही माझी भिंत."

आमचा जन्म लातूरचा. पण कुणी गाव विचारलं की आम्ही कधी न पाहिलेलं ते कंधारकडचं गाव सांगायचो. आत्या रोज जेवताना ते आमच्या पुढ्यात मांडायची. मधोमध चिरेबंदी विहीर, विहिरीला लागून आपलं घर, अंगणात बसल्या बसल्या रहाटाचा आवाज. मला झोपेतसुद्धा तो रहाट ऐकू यायचा.

"मग सोडलं कशाला?"

"इहीर आटली, माय. पाणीच न्हाई तर माणूस काय करंल?"

वडील अशा वेळी उठून बाहेर जायचे. चल, एकदा जाऊन येऊ म्हटलं की आत्या म्हणायची, "काय हाय तिथं आता? समदं सांगितलं की तुला."

मी नर्स झाले आणि नेमणूक नेमकी कंधारला मिळाली. आत्याने तेव्हा अंथरूण धरलं होतं. गावाकडे जाऊन येते म्हटल्यावर ती नको म्हणाली नाही.

गावात चिरेबंदी विहीर होती, अगदी मधोमध. तिला लागून घरही होतं, माडीचं. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी वडिलांचं नाव सांगितलं.

"आसं. म्हंजी बौद्धवाड्यातले तुम्ही," ते म्हणाले. "तुमची घरं पल्याड, वढ्याच्या तिकडं." मग आठवून म्हणाले, "ती सोना लई येळ उभी राहायची हितं घागर घिऊन. कुणी वरनं पाणी वाढंल म्हणून. दुष्काळात मग वाढणं बंद केलं लोकांनी."

"विहीर आटली होती ना?"

"ही? छ्या! ही इहीर कधीच आटली न्हाई."

त्यांनी सुनेला पाणी आणायला सांगितलं. पेला समोर आला, पण मला तो घेववेना. तशीच उठले, ओढ्यापलीकडे गेले आणि एका बाभळीखाली बसून रडले. गावाचा संताप आला होता आणि आत्यासाठी जीव तुटत होता. एवढं सगळं गिळून तिने आम्हाला विहिरीजवळचं घर दिलं होतं.

लातूरला परतले तेव्हा आत्या पार खंगली होती. मला पाहून तिने बाकी काहीच विचारलं नाही.

"इहीर पाहिलीस?"

"पाहिली, आत्या. पार कोरडी आहे. तळ दिसतो."

 ती माझ्या हातावरून हात फिरवत म्हणाली, "गुणाची हायस."

शेवटी शेवटी तिला गिळणं जड जायला लागलं. मी चमच्याने तिच्या तोंडात पाणी सोडू लागले, आजारी माणसाला आम्ही देतो तसं. तिने मान फिरवली. मी पुन्हा चमचा नेला, तिने पुन्हा मान फिरवली. मग माझ्या ध्यानात आलं. चमचा बाजूला ठेवला, तिला छातीशी टेकवून बसवलं आणि तांब्या तिच्या ओठांना लावला. तिने तो दोन्ही हातांनी धरला. बरंचसं पाणी लुगड्यावर सांडलं, थोडं पोटात गेलं.

"आता कसं," ती म्हणाली. ते तिचं शेवटचं बोलणं.