साढूभाऊंचा टीव्हीवरला फुटबॉल

सरळ गोष्ट सरळपणे समजून घ्यायची नाही, असं व्रत घेतलेली जी काही माणसं जगात असतील, त्यांत माझ्या थोरल्या साढूंचा पाट पहिला मांडावा लागेल. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये ते फिटर होते आणि कापसाचा हंगाम संपून यंत्रं थंडावली की उन्हाळाभर फुटबॉलचे पंच. पंचगिरी त्यांच्या अंगात इतकी मुरलेली की शिट्टी गळ्यात घालूनच जेवायला बसत. माझ्या लग्नात अंतरपाट बरोबर मध्यावर धरलाय की नाही, हे पाहायला ते दोन्हीकडून पावलं मोजत राहिले आणि मुहूर्त टळला. भटजी चिडले तर त्यांनाच म्हणाले, "मैदान बरोबर नसन तर खेळ सुरू काऊन करता?" भटजी पुन्हा पंचांग उघडून बसले.

घरोघरी टीव्ही नुकते येत होते त्या दिवसांत त्यांच्या पुतण्यानं कुवेतहून एक डबा आणला. डबा टीव्हीला जोडला की पडद्यावर फुटबॉल सुरू होई. फुटबॉल म्हणजे काय, तर दोन्हीकडे दोन-तीन उभ्या पांढऱ्या रेघा आणि मध्ये टक्‌टक्‌ करत पळणारा एक चौकोनी ठिपका. खेळणाऱ्या दोघांच्या हातात वायरीनं डब्याला जोडलेली एकेक मूठ, ती फिरवली की रेघा वरखाली. साढूभाऊ आठवडाभर समोर बसून राहिले आणि त्यांनी शंभर पानी वहीत त्या खेळाचे गुणदोष लिहून काढले. गुण असे, की चेंडू पंक्चर होत नाही, मैदानात गाई येत नाहीत आणि खेळाडू उलटून बोलत नाहीत. दोषांना मात्र वही पुरेना. चेंडूला कोपरे आहेत. खेळाडूंना पाय नाहीत. थ्रो नाही, ऑफसाइड नाही. गोलकीपर आणि फॉरवर्ड एकाच मुठीला बांधलेले, त्यामुळे गोलकीपर चेंडू अडवायला वर गेला की फॉरवर्डही कारण नसताना वर जातो. आणि सगळ्यात मोठा दोष, खेळात पंच नाही. "मंग यात मी कोन आहो?" असं त्यांनी मला अगदी काकुळतीनं विचारलं होतं.

पण डबा त्यांनी ठेवून घेतला, त्याचं कारण मोतीरामभाऊ. मोतीरामभाऊ जिनिंगच्या संघाचे गोलकीपर आणि साढूभाऊंचे बालमित्र. नऊ वर्षांपूर्वी एका अंतिम सामन्यात गोलसमोर धुळीचा लोट उठला आणि साढूभाऊंनी शिट्टी वाजवून मोतीरामभाऊंच्या संघावर गोल दिला. चेंडू रेघेवरच होता, असं मोतीरामभाऊ म्हणाले आणि त्या संध्याकाळपासून दोघांचं बोलणं बंद झालं. गल्ली एकच, नळ एकच, पण निरोप जात ते बायकांच्या तोंडून. आता मोतीरामभाऊ निवृत्त होऊन मुलाकडे अमरावतीला जाणार होते. त्याआधी अबोला सुटावा, म्हणून साढूभाऊंचा जीव तुटत होता. पंच नसलेल्या खेळात भांडण कशावरून होणार, असा त्यांचा हिशेब. मी निरोप घेऊन गेलो आणि काय आश्चर्य, मोतीरामभाऊ खरंच आले.

सामना सुरू झाला. जो गोल मारील त्याच्या नावापुढे मी पाटीवर लिहीत होतो. मोतीरामभाऊंचे आठ झाले तेव्हा साढूभाऊंनी शिट्टी वाजवून इंटरवल जाहीर केला. इंटरवलनंतर बाजू बदलायच्या, हा नियमच. डब्यातल्या रेघा काही बाजू बदलेनात, तेव्हा हे दोघं उठून एकमेकांच्या खुर्चीवर बसले. वायरी आखूड, त्यामुळे मुठी जागच्या जागीच राहिल्या. आता साढूभाऊंच्या हाती मोतीरामभाऊंचा संघ आला, आठ गोलांसकट. सवयीनं दोघंही आपल्या जुन्या संघाचा गोल झाला की टाळ्या वाजवत. शेवटी पडद्याच्या मते साढूभाऊ जिंकले आणि माझ्या पाटीच्या मते मोतीरामभाऊ. "माहे आठ गोल तुले कसे भेटले बे?" मोतीरामभाऊ कडाडले. नऊ वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. मग दोघं दिवे लागेपर्यंत भांडले, आणि जाताना ठरलं की फैसला पुढच्या रविवारी.

तसे सात-आठ रविवार झाले. प्रत्येक वेळी खुर्च्या बदलल्या, प्रत्येक वेळी भांडण झालं, आणि कोण जिंकलं हे मला एकदाही कळलं नाही. शेवटच्या रविवारी मोतीरामभाऊंनी मूठ खाली ठेवली आणि पडद्याकडे बघतच म्हणाले, "त्या दिवशी चेंडू आत गेलता. मले दिसलं होतं."

साढूभाऊंनी गळ्यातली शिट्टी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मले नाई दिसलं, मोत्या. डोळ्यात धूळ गेलती. अंदाजानं शिट्टी मारली."

आता कोणी कोणाची माफी मागायची? खोटं बोलणाऱ्यानं, की न पाहताच खरं ठरलेल्यानं? दोघंही गोंधळून एकमेकांकडे बघत राहिले, आणि मग दोघंही रडले. मीही रडलो, कशासाठी ते नीटसं न कळता.

मोतीरामभाऊ मुलाकडे गेले. पुढच्या रविवारी साढूभाऊंना करमेना म्हणून मी समोर बसलो. इंटरवलला खुर्चीही बदलली. खेळ संपल्यावर ते मोठ्या आशेनं माझ्याकडे वळून म्हणाले, "मी जिंकलो." मी म्हटलं, हो भाऊ, तुम्हीच जिंकलात. त्यांनी उठून हळूच टीव्ही बंद केला. त्यांना न मानणारा माणूस हवा होता, आणि तो अमरावतीला राहायला गेला होता.