पलंगाच्या फळ्या

प्रेमाताईंच्या घरातून सकाळी आधी पोथी वाचल्याचा आवाज येतो आणि मागून करवतीचा. औंढ्याच्या त्या गल्लीत आता त्याचं कुणाला नवल राहिलेलं नाही. पहिल्यांदा मात्र शेजारच्या मिराबाई हातातलं काम टाकून आल्या होत्या. यांच्याकडे सुतार बसलाय, तर आपलाही पोळपाट दाखवून घ्यावा, असा त्यांचा बेत. येऊन बघतात तर ओसरीवर बाईच फळीवर पाय रोवून कापत बसलेली.

"काहून बाई, सुतार भेटंना का?"

"भेटला की." प्रेमाताईंनी आपलाच हात वर केला. "पोळपाट ठेवून जा. संध्याकाळी या."

हे खूळ लागलं श्रावणात. सत्यनारायणाच्या आदल्या दिवशी चौरंगाचा एक पाय निखळला. सुतार आज येतो, उद्या येतो करत राहिला, आणि डुगडुगत्या चौरंगावर देव बसवायचं त्यांच्या जिवाला पटेना. मोबाइलवर स्तोत्र लावायला गेल्या तर खाली कुणी हिंदी बोलणारा माणूस खुर्चीचा पाय बसवून दाखवत होता. त्यांनी तो तीन-चारदा बघितला, डिंक आणला, पाय बसवला, वरून सुतळी आवळून रात्रभर ठेवला. सकाळी पूजा झाली, चौरंग हलला नाही. प्रसाद वाटताना त्यांचं सगळं लक्ष त्या पायाकडे होतं.

तसं लाकडाचं वेड त्यांना लहानपणापासूनचं. माहेर कुरुंद्याचं, हळद पिकवणाऱ्यांचं. तिथं सुतार अवजारं नीट करायला यायचा, तेव्हा ही पोरगी दिवसभर त्याच्यासमोर बसून असायची. रंध्यातून निघालेल्या कुरळ्या ढलप्या कानात डूल म्हणून अडकवायची. हत्याराला मात्र कुणी हात लावू दिला नाही. ती हौस पोटात ठेवूनच त्या औंढ्याला नांदायला आल्या, आणि इतक्या वर्षांनी हिंगोलीच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. दुकानदारानं रंधा काउंटरवर ठेवला, पण हातातून सोडला नाही.

"माताजी, मिस्त्री को भेज दो. वो देख के ले लेगा."

"मिस्त्रीच आया है," प्रेमाताई म्हणाल्या. "तुम धार लगा के देव."

त्यांचे यजमान विश्वंभरराव तहसीलमध्ये कारकुनी करून निवृत्त झालेले. बायकोनं ठोकलेल्या पहिल्या फडताळाखाली त्यांना जेवायला बसावं लागे. "मी जन्मभर फायली सरळ लावल्या," ते म्हणत, "आणि माझ्या घरात दाण्याच्या कुटाचा डबा आपोआप माझ्याकडं सरकत येतो." "मग वाढायची तकलीफ वाचली की तुमची," प्रेमाताई म्हणत. तरी त्यांनी ते फडताळ उतरवून पुन्हा बसवलं.

एवढं सगळं असूनही घर त्यांना रिकामं वाटे, कारण मधू घरी येत नव्हती.

मधुवंती त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. वय पस्तिशीकडे झुकलेलं, लग्न झालेलं नाही, आणि करायचं नाही हे तिनं स्वच्छ सांगितलेलं. प्रेमाताईंना ते ऐकू गेलं होतं, मनात शिरलं नव्हतं. मागं दिवाळीला ती आली, तेव्हा त्यांनी तिला न सांगता परभणीच्या एका घरच्यांना चहाला बोलावलं. मुलगा बँकेत, माणसं सालस. मधूनं सगळ्यांना चहा दिला, हसून बोलली, पाहुणे गेल्यावर कपबशा विसळल्या आणि बॅग भरली. भांडली असती तरी परवडलं असतं.

त्यानंतर फोन रोज येई. जेवलीस का, पाऊस आहे का, बाबांच्या गुडघ्याचं काय. पण येणं नाही. प्रेमाताई रोज दिवा लावताना तिच्या खोलीचं दार उघडून ठेवत. संध्याकाळी दार लावलेलं असू नये एवढंच कारण त्या सांगत.

एकदा त्यांनी धीर करून म्हटलं, "घरून काम करता येतं म्हणतीस, तर इथूनच कर की थोडे दिवस."

"कुठं बसून करू आई? पलंगावर बसून पाठ मोडते माझी. टेबल नाही, काही नाही."

टेबल हे निमित्त होतं, हे दोघींनाही कळत होतं. पण निमित्ताला तरी हात लावता येतो. खऱ्या कारणाला कुठून धरायचं, हे प्रेमाताईंना उमगत नव्हतं. त्यांनी फोन ठेवला आणि माळ्याकडे बघितलं.

माळ्यावर सागाच्या फळ्या होत्या. मधू शाळेत होती तेव्हा प्रेमाताईंच्या वडिलांनी कुरुंद्याहून पाठवलेल्या, नातीच्या लग्नात पलंग करायला म्हणून. दर साली घर झाडायला काढताना त्या खाली यायच्या आणि पुसून परत वर जायच्या. या खेपेला खाली आल्या त्या ओसरीवरच राहिल्या.

पहिल्या फळीवर पेन्सिलीची रेघ मारून, करवत टेकवून प्रेमाताई बराच वेळ नुसत्याच थांबल्या. विश्वंभररावांनी पेपर खाली केला.

"बाजारात तयार टेबल मिळतं."

"भुशाचं असतंय ते. पाणी लागलं की फुगतं."

"म्हणजे पलंग राहिला."

"राहिला," त्या म्हणाल्या, आणि करवत ओढली.

टेबल काही सरळपणे झालं नाही. चार पाय सारखे होईनात. एक कापला की दुसरा लांब वाटे, तो कापला की तिसरा. "असंच चालू ठेव," विश्वंभरराव म्हणाले, "शेवटी पाट होईल, जेवायला कामाला येईल." मग तेच खाली बसले, पायांखाली पुठ्ठा सरकवून बघितला, आणि कुठल्या पायाचा किती तुकडा काढायचा ते खडूनं खूण करून दिली. कारकुनाचा हात, खूण बराबर निघाली.

शेवटी पॉलिशचा प्रश्न आला. मोबाइलमधला माणूस दुकानातलं पॉलिश लावा म्हणत होता. पण त्याच्या वासानं मधूचं डोकं उठेल, असं प्रेमाताईंना वाटलं. कुरुंद्याला त्यांच्या घरी धान्याच्या लाकडी कोठीला हळद आणि जवसाचं तेल चोळायचे, कीड लागू नये म्हणून. भावाच्या शेतातली हळद डब्यात होतीच. त्यांनी ती तेलात कालवली आणि देवाचं नाव घेत घेत टेबलाला चोळली, हात भरून येईपर्यंत चोळली. लाकूड सोन्यासारखं दिसायला लागलं. कोठीवर कुणी कोपर टेकून बसत नसतं, एवढं मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

टेबलाचा फोटो पुण्याला गेला. बऱ्याच वेळानं मधूचा फोन आला.

"तू केलंस हे?"

"मग काय नागनाथानं केलं?"

पलीकडे ती हसली. मग म्हणाली, "नवरात्रात येते. दसऱ्यापर्यंत राहीन."

ती यायच्या आधी प्रेमाताईंनी मिराबाईंना दारातच गाठून बजावलं, की पोरीसमोर लग्नाचा विषय नको. मिराबाई विचारात पडल्या. "मग बोलायचं तरी काय तिच्यासंग?"

"पाऊसपाण्याचं बोला."

मधू आली, टेबलावरून हात फिरवला आणि लगेच खुर्ची ओढून बसली. दोन-तीन दिवस गडद कपड्यांवर काही दिसलं नाही. सकाळी पोथी झाली की प्रेमाताई आवाज न करता तिच्या खोलीच्या दाराशी जात, पाठमोरी बसलेली बघत आणि परत येत.

अष्टमीला मधूनं पांढरा कुर्ता घातला. सकाळी ऑफिसच्या लोकांशी कॉम्प्युटरवर तोंडं बघून बोलायचं होतं. प्रेमाताई स्वयंपाकघरात उपासाची भगर शिजवत होत्या. आतून एकदम पाच-सहा जणांचं हसणं ऐकू आलं, आणि कुणी हिंदीत म्हणालं, हल्दी हो गयी, शादी में बुलाया नहीं. थोड्या वेळानं मधू दारात येऊन उभी राहिली. कुर्त्याच्या दोन्ही बाह्या कोपरापासून पिवळ्या, आणि जिथं तिनं हात टेकवला असेल, तो गालही पिवळा.

"हे काय आहे, आई?"

"हळद लागली वाटतं."

"ते दिसून राहिलं मला. टेबलाला काहून लावलीस?" पुण्यात घासूनपुसून घेतलेली तिची भाषा रागात औंढ्याची होई.

"कीड लागू नये म्हणून."

"रीतामावशीच्या घरी लग्न होतं, तेव्हा नवरदेवाची उरलेली हळद तूच मला फासली होतीस. लवकर जमावं म्हणून. आठवतं का?"

"ती वेगळी, बाई. ही तुझ्या मामाच्या शेतातली."

"आधी चहाला माणसं बोलावलीस. आता हे. मला वाटलं, सोडलंस तू."

प्रेमाताईंनी गॅस बारीक केला. मधूच पुन्हा म्हणाली, "चोळताना देवाचं नाव घेतलं असशील. काय मागत होतीस?"

"तू येऊन राहावंस. दुसरं न्हाई काही."

मधूनं त्यांच्याकडे बघितलं, आणि तिचा विश्वास बसला नाही हे तोंडावर दिसलं. ती खोलीत गेली. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. दिवाळीला आला होता तसाच, शांत. भगर तळाला लागत होती, तरी प्रेमाताईंना चमचा हलवायचं सुधरेना. पोर निघाली, आणि आता गेली की कधी येईल ते देवालाच ठाऊक.

विश्वंभरराव आतापर्यंत पेपरमागे होते. ते उठून मधूच्या दाराशी गेले.

"ते टेबल कशाचं आहे, माहीत आहे का तुला?"

"सागाचं."

"तुझ्या लग्नाच्या पलंगाचं. माळ्यावरच्या फळ्या त्या. तुझ्या आजोबांनी दिलेल्या."

आतला चेनीचा आवाज थांबला.

"तुझ्या आईनं आपल्या हातानं कापल्या. मी म्हटलं पलंग राहिला, तर म्हणाली राहिला. आता तिला हळदीबिळदीतलं काही करायचं असतं, तर फळ्या कापल्या असत्या का? विचार कर, आणि मग जायचं तर जा. मी स्टँडवर सोडायला येतो."

मधू बॅगेवरच बसली. पिवळ्या बाहीनं तिनं डोळे पुसले, तेव्हा पापण्यांनाही हळद लागली. किती तरी वेळानं ती स्वयंपाकघरात आली आणि आईच्या हातातून चमचा घेतला.

"करपली भगर."

"करपू दे."

"घासायचा कागद कुठंय तुझा? ते टेबल असं ठेवायचं न्हाई. उद्या लॅपटॉप पिवळा होईल."

दुपारभर दोघी ओसरीवर बसल्या. "रेषेच्या बाजूनं घास," प्रेमाताई सांगत होत्या, "आडवं घासलं की ओरखडे उठतात." "तुझा मोबाइलवाला बाबा असं म्हणतो का?" "म्हणतो. त्याचं नीट ऐकलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. रंधा, पटाशी, करवत धुऊन पाटावर मांडलेली, झेंडूची फुलं वाहिलेली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. प्रेमाताई त्यांना हळदकुंकू वाहत होत्या, तेव्हा मधू म्हणाली, "त्यांना लावलेली चालते. त्यांची लग्नं झालीत." प्रेमाताई हसावं की नाही या विचारात असताना विश्वंभरराव आतल्या खोलीतून हसले. हत्यारांना सुटी होती, पण उन्हाला नव्हती. लुगड्यावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो, हे प्रेमाताईंना पक्कं ठाऊक. तिघांनी टेबल गच्चीवर नेलं, आणि ऊन सरकेल तसं ते सरकवत राहिले. संध्याकाळपर्यंत पिवळेपणा बराच उतरला. रेषांच्या खोलात तेवढा राहिला.

तिथं सावलीला बसल्या असताना प्रेमाताईंनी विचारलं, "एकटीला करमतं का तुला तिकडं?"

"कधी करमतं, कधी न्हाई. तुला करमतं का इथं?"

"तू आलीस की करमतं."

बस, एवढंच.

दसऱ्याला मधूनं बाजारातून पॉलिशची बाटली आणली, आणि पॉलिश वाळेपर्यंत राहते, असं पुण्याला कळवलं. पहिला हात दिला तो नीट वाळायला दिवस गेला. दुसरा दिला, पुन्हा दिवस. मधू तोवर खाली चटई टाकून काम करी. प्रेमाताई येता-जाता टेबलाजवळ थांबत, वाकून वास घेत. वास रोज कमी होत होता. तो जाऊच नये असं आपल्याला वाटतंय, हे कळल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि देवापुढं बसून त्यांनी तसं सांगूनही टाकलं. लेक आपल्या पायावर उभी आहे, तिला तिचं काम आहे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या वास घ्यायला वाकल्याच.

अखेर एका सकाळी फळी अशी झाली की खिडकीचे गज तिच्यात दिसायला लागले. विश्वंभररावांनी बसचं वेळापत्रक विचारून ठेवलं होतं. मधू खोलीत कपडे घड्या करत होती. प्रेमाताईंनी टेबलावरून तळवा फिरवला, एकदा असा, एकदा तसा. कुठंही चिकटला नाही. बाटलीच्या तळाशी पॉलिश जेमतेम उरलेलं.

"अजून एक हात द्यावा लागंल," त्या मधूकडे न बघता म्हणाल्या.

मधू उठून जवळ आली. तिनंही तळवा टेकवला, आईनं टेकवला होता तसाच, आणि थोडा वेळ तिथंच ठेवला.

"व्हय," ती म्हणाली. "या कोपऱ्यात जरा ओलसर वाटून राहिलं." आणि फडकं शोधायला ओसरीवर गेली.