अक्का आणि इटारसीचं यार्ड

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी औरंगाबादला लेकीकडं होते. त्यांचा मुलगा महेश बोलत होता. दुपारी जेवून जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत, एवढंच त्यानं सांगितलं. मिळेल त्या गाडीनं वडवणी गाठली. आमच्या लिंगायत रीतीप्रमाणं त्यांना बसवून माती दिली. त्याला आता महिना होऊन गेला.

अक्का म्हणजे नंदाक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई. आमचं वडवणीत कापडाचं दुकान, त्यांचं माहेर तेलगावचं. आई लवकर गेल्यामुळं धाकटा भाऊ शिवा त्यांनीच वाढवला. शिवाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. कुणी नाव विचारतंय असं वाटलं की तो कपाळावरून तीन बोटं आडवी ओढायचा, विभूती लावतात तशी. ती खूण म्हणजेच त्याचं नाव.

वडवणीत नुकताच पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ निघाला होता, रंगीत टीव्ही घरोघर यायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. शिवा तिशीला आला होता. महाशिवरात्रीला घरचे सगळे परळीला दर्शनाला गेलते. गर्दीत तो दिसेनासा झाला. स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीत त्याला चढताना कुणीतरी पाहिलं होतं. पुरुषमाणसांनी परभणी, लातूर रोड पालथं घातलं, पोलिसांत कळवलं. काही हाती लागलं नाही. वर्ष उलटल्यावर अक्कांचे वडील म्हणाले, आता त्याचं दिवसकार्य उरकून घेऊ. अक्का त्यांच्यासमोर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आण्णा, मी सोता बघितल्याबिगर न्हाई."

तोवर त्या कधी रेल्वेत बसल्याही नव्हत्या. आमच्या बाजूला सगळा कारभार एसटीचा, रेल्वे बघायची तर परळीच गाठायची. तिथल्या एका म्हाताऱ्या तिकीट तपासनिसानं त्यांना सांगितलं की बिनतिकिटाच्या माणसाला बहुतेक मोठ्या जंक्शनवर उतरवतात आणि अशी माणसं तिथंच कुठंतरी टिकून राहतात. मग लग्नसराई संपून दुकानातली गर्दी ओसरली की अक्का निघायच्या, सोबतीला मी. पूर्णा, मनमाड, दौंड, सिकंदराबाद, भुसावळ… फलाटावर त्या फार रेंगाळत नसत. फलाट संपतो, रूळ फाकत जातात, मालगाडीचे डबे दिवसेंदिवस उभे असतात, तिकडं त्या सरळ चालत जायच्या. रुळांवर काम करणारे गडी, झाडूवाले, डबे धुणाऱ्या बायका, सगळ्यांना आपल्या मोडक्या हिंदीत विचारायच्या, मुका माणूस पाहिला का, आणि स्वतःच्या कपाळावर तीन बोटं ओढून दाखवायच्या. सिकंदराबादच्या एका बाईला वाटलं, यांना लावायला राख हवी आहे. तिनं चुलीतली चिमूटभर आणून दिली. अक्कांनी ती मुकाट्यानं लावून घेतली. मनमाडला एक मुका सापडला, तो दुसराच निघाला, तरी अक्कांनी त्याला जवळ बसवून शिदोरीतली भाकरी खाऊ घातली. परतताना मात्र त्या खिडकीकडं तोंड करून बसून राहिल्या.

घरात कुरबुर सुरू झाली होती. थोरले भाऊजी, म्हणजे अक्कांचे मालक, तेवढे पाठीशी होते. दरवेळी परळीपर्यंत सोडायला यायचे, कधी काही विचारायचे नाहीत.

इटारसीला डबे धुणाऱ्या राधाबाईनं अक्कांना पुरतं बोलूच दिलं नाही. हसत हसत तिनंच कपाळावर तीन बोटं ओढली. म्हणाली, "अरे, ये तो हमारा भोला!"

पलीकडं उभ्या गाडीत शिवा पाइपानं पाणी भरत होता. त्यानं अक्कांना पाहिलं. हातातला पाइप पडला. ओल्या हातांनी त्यानं त्यांचं तोंड धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग हाताला धरून सगळं यार्ड दाखवलं. डब्याला डबा कसा लागतो, इंजिन कुठं उभं राहतं, राधाबाईच्या शेडमध्ये आपला बिछाना कुठला. येणारेजाणारे त्याला हात करत होते.

आम्ही त्याला घेऊन आलो. तेलगावात बघायला गर्दी लोटली. आण्णा लहान पोरासारखे रडले. पण काही दिवसांतच शिवाचं जेवण तुटलं, म्हणून अक्कांनी त्याला वडवणीला आणलं. तिथं तो दिवसभर बसस्टँडवर असायचा. एकदा बादली घेऊन तो उभी एसटी धुवायला लागला. ड्रायव्हरनं हाकललं, पोरं हसली. अक्का दुकानाच्या पायरीवरून पाहत होत्या. रात्री जेवणं झाल्यावर त्या म्हणाल्या, "इथं त्याला समदे मुका म्हणत्यात. तिथं त्याला नाव हाय. मी त्याला पोचवून येते."

आण्णा पुढं कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. गावानंही नावं ठेवली. तरी अक्का शिवाला घेऊन निघाल्याच, सोबतीला मी. वाटेत भुसावळपासून शिवा दारातच उभा होता. इटारसीचे सिग्नल दिसले तसा तो हसायला लागला, आणि इतका वेळ घट्ट राहिलेल्या अक्का तिथं पदरात तोंड घालून रडल्या. नंतर दरवर्षी दिवाळी झाली की धपाटे, शेंगाची चटणी बांधून आम्ही दोघी जायचो.

गेल्या आठवड्यात मी महेशला घेऊन गेले. शिवा फलाटावर आला. माझ्या पाया पडला आणि माझ्या मागं बघायला लागला. गाडी सुटेपर्यंत तो डब्याच्या दाराकडं बघत होता. मग मी खाली बसले, गालाखाली हात घेऊन डोळे मिटले आणि जमिनीवर तळवा ठेवला. तो माझ्या शेजारी टेकला. माझ्या हाताजवळ त्यानं आपला हात ठेवला.

उठला तो टपरीवर गेला आणि चहा घेऊन आला. महेशला दिला, मला दिला, स्वतःचा घेतला. एक ग्लास तरीही उरला. तो त्यानं बाकावर मोकळ्या जागी ठेवला. आमचे चहा पिऊन झाले. यार्डाच्या बाजूनं राधाबाईनं हात केला, धुवायची गाडी लागली होती. शिवानं तो ग्लास उचलला, क्षणभर धरून ठेवला आणि माझ्या हातात दिला.