नाटकांच्या पिशवीत गेलेली डीव्हीडी

कॅनडात मिसिसागातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत तेव्हा एक कापडी पिशवी फिरायची. तिच्यात भारतातून आणलेल्या नाटकांच्या डीव्हीडी असत. महिनाभर एका घरी, मग पुढच्या. मी मावशीकडे बेसमेंटमध्ये राहून कॉलेज करत होते. मावशी कपडे धुवायला खाली आली की माझे ड्रॉवरही आवरायची. म्हणून पिशवी आमच्याकडे होती त्या महिन्यात मी माझी एक डीव्हीडी तिच्यातल्या जुन्या संगीत नाटकाच्या डबीत लपवली. ते नाटक कुणी बघत नाही अशी माझी खात्री होती.

डीव्हीडी सत्तरच्या दशकातल्या जपानी सिनेमाची होती. सिनेमाच्या वर्गात सरांनी तो अर्धाच दाखवला होता. लांब स्कर्ट घातलेल्या शाळकरी मुली टोळी करून हिंडतात आणि अगदी शांतपणे चाकू काढतात. मध्ये मध्ये उघडेनागडे प्रसंग होते. ते पुरुषांसाठी घातलेत हे मला कळत होतं. तरी मी तो तीनदा पाहिला, आवाज बंद करून.

मी स्वतः कधी कुणाला उलटून बोलले नव्हते. शांत मुलगी, एवढीच माझी ओळख, आणि त्या मार्चमध्ये सगळं त्या ओळखीवरच अवलंबून होतं. हॅमिल्टनला मास्टर्ससाठी ॲडमिशन मिळाली होती. तिथे मला एकटीला राहू द्यावं की नाही, हे मावशी रविवारी फोनवर आईला सांगणार होती.

शुक्रवारी घरी आले तर पिशवी जागेवर नव्हती. काकू येऊन घेऊन गेल्या, मावशी म्हणाली. काकू म्हणजे एका निवृत्त डॉक्टरांची बायको. काकूंना विचारल्याशिवाय मावशी काही ठरवत नसे. डॉक्टरकाकांना नेमकं तेच नाटक पुन्हा बघायचं होतं.

शनिवारी सकाळी, डबीतून काढून ठेवलेली नाटकाची खरी डीव्हीडी घेऊन मी बसने निघाले. चुकून अदलाबदल झाली, हे वाक्य आधी मराठीत घोकलं, मग इंग्रजीत. खोटं मला इंग्रजीत जास्त जमतं.

काकूंनी दार उघडलं आणि काही न विचारता मला स्वयंपाकघरात नेलं. आतून काकांच्या घोरण्याचा आवाज येत होता. तिथे माझी डीव्हीडी पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवलेली होती. माझं पाठ केलेलं वाक्य कुठल्याच भाषेत बाहेर येईना.

"यांनी पाच मिनिटांत बंद करायला लावला," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "मी नंतर उरलेला पाहिला."

मी नाटकाची डीव्हीडी ओट्यावर ठेवली.

"एवढी मारामारी करते ती मुलगी. तिची आई कुठे दाखवलीच नाही गं."

नाही दाखवली, मी म्हणाले.

"यांना वाटतंय दुकानदाराने चुकीची भरली. तसंच राहू दे. आणि मी पाहिला हे मावशीला बोलू नकोस."

चहा न घेता सोडणार नाही म्हणाल्या.

रविवारी मी बेसमेंटच्या जिन्यावर उभी राहून ऐकत होते. काकू म्हणतात राहील ती एकटी, शांत मुलगी आहे, मावशी आईला सांगत होती. मला हायसं वाटायला हवं होतं. पण तो सिनेमा पाहूनही काकूंनी ‘शांत’ हाच शब्द का वापरला असेल, याचाच विचार करत मी जिन्यावर कितीतरी वेळ उभी राहिले. वर फोन केव्हाच ठेवून झाला होता.