रिलिव्हर आल्याशिवाय

कुठलंही गाणं संपत आलं की काका उजवा हात हवेत धरत आणि समोर नसलेला व्हॉल्व्ह हळूहळू फिरवत बंद करू लागत. अर्ध्यात थांबून विचारत, “रिलिव्हर आला काय?” आला असेल तर हात पुरता फिरे. नसेल तर तसाच हवेत राही, आणि मला हसू येई.

तुम्हाला यातलं काही कळलं नसेल. मलाही पहिले दोन महिने कळलं नव्हतं.

पेणला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझा छोटासा स्टुडिओ आहे. एक संगणक, एक माईक, भिंतींना लावलेल्या जुन्या गाद्या. शेजारच्या कारखान्यात गणपतींना पॉलिशपेपर मारायला लागले की आमचं रेकॉर्डिंग बंद. पूर्वी मी हळदीची गाणी आणि दुकानांच्या जाहिराती करायचे. आता येतात ती हिपहॉपवाली मुलं, वडखळची, गडबची, पार रोह्याची. प्रत्येकाचं गाणं सुरू होतं ते असं, की आता कुणाची खैर नाही. शेवट मात्र एकालाही सुचत नाही. “ताई, शेवटी काहीतरी टाका,” म्हणतात आणि बाइकची चावी उचलतात. मीही काही कमी आळशी नाही. सॉफ्टवेअरमध्ये आता एआय आलंय. त्याला गाण्याचा शेवटचा तुकडा द्यायचा, कसा शेवट हवा ते लिहायचं, की ते चार नमुने काढून देतं. त्यातला पहिला चिकटवायचा आणि चहा टाकायला उठायचं, अशी माझी पद्धत होती.

काका गडबचे. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. त्यांचा मुलगा माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकीच एक. एका दुपारी त्यानं माझ्याकडे गाणं रेकॉर्ड केलं, फक्त शेवट राहिला. मी म्हटलं, राहू दे, मशीन करेल. तो म्हणाला, नको, उद्या येऊन मीच करतो. बाइकवरून घरी निघाला आणि वडखळच्या पुढे ट्रकखाली आला. त्याला दहा मिनिटं थांबवून मी तो शेवट करून घेतला असता तर तो ट्रक पुढे गेला असता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगते आहे.

तेरावं झाल्यावर काका आले. कंपनीचा खाकी शर्ट, हातात जेवणाचा डबा, चपला बाहेर नीट जोडून ठेवलेल्या. स्टुलाच्या कडेवर बसले आणि म्हणाले, “त्याचं हितं काय ऱ्हायलंय काय?”

मी सांगितलं, एक गाणं आहे. शेवट राहिलाय.

त्यांनी भिंतीवरच्या गादीला हात लावून पाहिला. मग म्हणाले, “मंग मी करतो. पन आधी दुसऱ्यांची करतो. हात बसू दे.”

मला वाटलं, दुःखाच्या भरात बोलले असतील. पण पहिली शिफ्ट असली की कंपनीच्या बसनं गडबला न उतरता ते वडखळपर्यंत यायचे, तिथून रिक्षानं पेण, आणि साडेचारला माझ्या दारात. माऊस धरायला शिकले. चष्मा कपाळावर चढवून एका बोटानं टाइप करायला शिकले. एआयला त्यांनी दिलेली पहिली सूचना मला अजून पाठ आहे. “फीड बंद करणे. एजिटेटर चालू ठेवणे. पाच मिनिटे थंड होऊ देणे.” मशीन बिचारं आज्ञाधारक. अडीच मिनिटांच्या गाण्याला त्यानं पाच मिनिटांची नुसती घरघर जोडून दिली. काकांनी ती सगळी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, बरोबर हाय. ज्याचं गाणं होतं तो मुलगा माझ्याकडे बघत राहिला.

फीड म्हणजे रिॲक्टरच्या टाकीत सोडायचा माल, आणि एजिटेटर म्हणजे त्या टाकीतला ढवळणारा पंखा. बाकी सगळं बंद झालं तरी तो शेवटपर्यंत फिरता ठेवायचा, नाहीतर आतला माल थिजतो, असं त्यांनी मला समजावलं. त्यांच्या हिशेबानं प्रत्येक गाण्यात एक एजिटेटर असतो, एक जाड ठेका. तो शेवटी थांबवायचा. मशीननं गाणं एकदम तोडलं की ते म्हणत, हा ट्रिप झाला. आवाज हळूहळू विरवत नेला की म्हणत, हा पळून गेला. “चालू कुनीबी करतो, बाय. बंद करायला मानूस लागतो.”

आणि रिलिव्हर. कंपनीत तुमची शिफ्ट संपली म्हणून उठता येत नाही. तुमच्या जागी येणारा माणूस पॅनेलसमोर उभा राहिला पाहिजे. तो म्हणतो, “मी आलो, तू जा.” एवढं झाल्यावरच जागा सोडायची. म्हणून काकांच्या शेवटांत नेहमी आधी एक नवा आवाज येई, आणि मगच जुने आवाज एकेक करून जात. हे आवाज ते मोबाइलवर पकडून आणत. धरमतरच्या खाडीतल्या बार्जचं इंजिन, शेतातला पंप, एकदा तर डब्याचं झाकण. एआयला ते सांगत, हा आवाज आत घे आणि त्याच्या चालीनं बाकीच्यांना सोड. वीस वीस नमुने नापास करायचे. मुलं आधी कुरकुरली. मग हळूहळू विचारू लागली, “काका कधी हायत?” रोह्याचा एक मुलगा नुसता शेवट त्यांच्याकडून व्हावा म्हणून दोन दिवस थांबला होता.

दीड वर्षात त्यांनी चाळीसएक गाणी बंद केली. मुलाचं उघडलंसुद्धा नाही. मीही कधी विचारलं नाही.

शेवटी एका दुपारी त्यांनी ते स्वतःच उघडलं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी मुलाचा आवाज थांबत होता, तिथून पुढचा शेवट हवा होता. पण सेटिंग चुकलं. मशीननं शेवट करण्याऐवजी गाणं पुढे वाढवलं, आणि वाढवलं ते मुलाच्याच आवाजात. शब्दांना अर्थ काहीच नव्हता, मराठीसारखं वाटणारं काहीतरी होतं. पण आवाज तोच. श्वास घ्यायची जागा तीच.

काकांचा हात हवेत गेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी आल्यावर त्यांनी ते आणखी वाढवलं. तिसऱ्या दिवशी आणखी. आठवड्यात ते गाणं अकरा मिनिटांचं झालं होतं. दुसऱ्या मुलांची गाणी तशीच पडून राहिली. काका हेडफोन लावून बसत आणि वाढवण्याचं बटण दाबत. मला भीती वाटू लागली. रागही आला, त्यांचा नाही, त्या बटणाचा, आणि ते सॉफ्टवेअर घरात आणणाऱ्या माझा. एकदा मी त्यांचे हेडफोन काढले आणि म्हटलं, काका, हा तो नाही.

“म्हायती हाय,” ते म्हणाले. मग त्यांनी ते सांगितलं, जे मी विचारलं नव्हतं.

अपघाताच्या दिवशी त्यांची पहिली शिफ्ट होती. तीनला सुटायचं, पण रिलिव्हर आला नव्हता. रिॲक्टरमध्ये बॅच चढलेली होती. सव्वातीनला फोन आला, मुलाला पेणच्या दवाखान्यात नेलंय, शुद्धीत आहे, बाबा कुठंय विचारतोय. दुसरा कुणी ते पॅनेल सांभाळणारा नव्हता. जागा सोडली असती आणि तापमान चढलं असतं तर स्फोट झाला असता, आणि आत चौदा माणसं होती. ते बसून राहिले, डोळे तापमानाच्या आकड्यावर. पावणेपाचला रिलिव्हर आला. ते दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

“तो वाट बघत व्हता, बाय. मी जागेवर व्हतो, पन त्याच्या जागेवर नव्हतो.”

मी त्यांच्यासमोर रडले. ते नाही रडले. डबा उचलून, चपला घालून गेले.

नंतर तीन आठवडे आले नाहीत. मग एका रविवारी सकाळी आले, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. म्हणाले, अर्धा तास मला एकट्याला खोली दे, आणि माईक चालू करून ठेव. मी आत जाऊन पोहे केले. बाहेर आले तेव्हा त्यांनी संगणक रीतसर बंद केला होता. मी सांगेपर्यंत उघडू नको, म्हणाले. पोहे खाल्ले, लिंबू आणखी मागून घेतलं. जाताना म्हणाले, हात बसला.

सांगायला ते आले नाहीत. गौरी-गणपतीनंतर गडबच्या एका मुलाकडून कळलं, कंपनीच्या बसमध्ये बसल्या जागी गेले. बस नागोठण्याच्या पुढे आली तेव्हा शेजारच्याला कळलं. पहिली शिफ्ट संपवून, चार्ज देऊन घरी येत होते.

आणखी काही दिवस गेले. मग मी ती फाइल उघडली.

ती अकरा मिनिटं आता नव्हती. मशीननं वाढवलेलं सगळं त्यांनी पुसून टाकलं होतं. मुलाचा आवाज जिथं खरोखर थांबला होता, तिथंच थांबत होता. खाली ठेका चालू, एकसारखा. मी वाट बघत राहिले की आता बार्ज येईल, नाहीतर पंप. आधी स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग घसा खाकरल्याचा. मग माईकच्या फार जवळ येऊन, कुणाला उठवताना बोलावं तसं हळू, काका म्हणाले,

“मी आलो. तू जा.”

ठेका आणखी थोडा वेळ चालला आणि थांबला.

चार वाजता वडखळची मुलं रेकॉर्डिंगला यायची होती. ती येऊन दारात उभी राहीपर्यंत मी जागेवरून उठले नाही.