तिच्या नावाची हजेरी

माझी धाकटी बहीण जन्मापासून बहिरी. वडूजकडच्या आमच्या गावात तिला नावानं कुणी हाक मारत नसे, मारून उपयोगही नव्हता. सगळे ‘मुकी’च म्हणत. घरचेसुद्धा, मीसुद्धा.

शाळेच्या पटावर मात्र तिचं पूर्ण नाव होतं. पट घसरला की दुसऱ्या मास्तरांची जागा जाणार आणि चौथीच्या पुढचे वर्ग बंद होणार, म्हणून थोरल्या गुरुजींनी ते घालून ठेवलं होतं. ती दिवसभर शेरडांमागं असे. हजेरीत तिचं नाव आलं की ‘हजर’ मी म्हणायचं, असं ठरलेलं. साहेब तपासणीला आले की तिची वेणी घालून तिला शेवटच्या ओळीत बसवायचं आणि घसा बसलाय म्हणून सांगायचं. दरवर्षी नेमका तपासणीलाच तिचा घसा बसे. पोरं फिदीफिदी हसत, मीही हसे. अशा रीतीनं ती तिसरी पास झाली.

सांगलीला बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवतात, हे फौजेतल्या चुलत्यांनी सुट्टीवर आल्यावर सांगितलं. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, माझ्याकडून पत्र लिहून घेतलं. एकच जागा आहे, मुलीला घेऊन या, असं उत्तर आलं. आबांनी गुरुजींकडून कागदही मागून घेतला: ‘मुलगी तिसरी पास, रोज हजर, वर्तणूक उत्तम.’ एसटीत त्यांनी तो मला तीनदा वाचायला लावला. असा कागद बघून कोण नाही म्हणेल, असं त्यांना वाटत होतं. गुरुजींना काय वाटत होतं, ते मला आज कळतं.

सांगलीच्या शाळेतल्या बाईंनी कागद वाचला. बाकावर त्याच जागेसाठी आलेली इस्लामपूरची एक मुलगी आईला चिकटून बसली होती.

“हिला शाळा आहे की,” बाई म्हणाल्या. “त्या मुलीला कुठंच घेत नाहीत.”

“आवं बाई, ही कवाच शाळंत गेली न्हाई. ते निस्तं लिवायपुरतं हाय.”

“म्हणजे तुमचे गुरुजी खोटं लिहितात?”

गुरुजींना खोटं म्हणायची आबांची छाती नव्हती. बाई माझ्याकडं वळल्या. “तू सांग. बहीण शाळेत येते का?”

मी नुकतीच पाचवीत गेले होते. नाही म्हटलं असतं तर पट उघडा पडला असता, वरचे वर्ग गेले असते, आणि परगावच्या शाळेत आबांनी मला कधीच धाडलं नसतं. मी घाबरून बोलले, असं पुढं वर्षानुवर्षं सांगत आले. ते खरं नाही. मला सगळं कळत होतं.

“व्हय,” मी म्हणाले. “रोज येती.”

बहीण माझ्या तोंडाकडं बघत होती. मी तिच्याच भल्याचं काही बोलले असं वाटून ती हसली. जागा इस्लामपूरच्या मुलीला मिळाली. परतीच्या एसटीत आबा एवढंच म्हणाले, “तू तरी शीक.”

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी हजेरी घेतली. खिडकीतून माळावर शेरडं दिसत होती, त्यांच्यामागं ती. तिचं नाव आलं, आणि मी ‘हजर’ म्हणाले.